फोमच्या गोल स्टूलचं कव्हर दर धुण्याला आखडतं आणि परत चढत नाही: कारण काय, उपाय काय

"शिवलं तेव्हा एकदम फिट होतं, पहिल्या धुण्याला घट्ट झालं, दुसऱ्या धुण्याला खालून लाकूड दिसायला लागलं, आता चढवायला दोघीजणी लागतात आणि ओढता ओढता शिवण उसवते." शब्द थोडे इकडचे तिकडे, पण तक्रार हीच. फोमचं गोल स्टूल, ज्याला दुकानदार पुफी म्हणतात, ते आता खेड्यापाड्यात पण आलं आहे, पाव्हणा आला की छपरीत तेच पुढं करतात, लेकरं त्याच्यावरच चढतात, वावरातून आलेला माणूस दमून त्याच्यावरच टेकतो, आणि आपली ही काळी माती एकदा कापडात बसली की नुसती झटकून जात नाही, त्यामुळं कव्हर धुवावंच लागतं आणि घडोघडी धुवावं लागतं. मग जे कव्हर धुतल्यावर परत चढत नाही ते काय कामाचं? महालक्ष्म्या आणि दिवाळीच्या आधी घरोघरी धुणी निघाली की माझ्याकडं अशी आखडलेली कव्हरं येतातच, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की शिवणाऱ्या बाईनं माप चुकवलं. बहुतेक वेळा माप बरोबर असतं, टीप पण चांगली असते, चूक असते ती न धुतलेलं कोरं कापड कापण्यात. आणि दुसरा गैरसमज म्हणजे "या वेळी एक इंच ढिलं शिवून दे वं बाई, आखडलं तरी बसन." तसं करून बसत नाही. धुवायच्या आधी ते पोत्यासारखं लोंबतं आणि धुतल्यावर एकीकडून घट्ट, एकीकडून ढिलं होतं, कारण कापड चारी बाजूंनी सारखं आखडतच नाही. सगळी गोम इथंच आहे.

कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. मागावर ताण्याचे धागे चांगले ओढून धरलेले असतात, विणून झाल्यावर गिरणीत धुताना, खळ देताना, गुंडाळताना पण कापड लांबीतच ओढलं जातं. हा ताण कापडात तसाच साठून राहतो आणि खळ त्याला धरून ठेवते. तुम्ही पहिल्यांदा पाण्यात टाकलं की खळ निघते, सूत फुगतं, मोकळं होतं आणि आपल्या मूळ जागी येतं. म्हणून लांबीत जास्त आखडतं आणि पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, कमी. मांजरपाट, दोसुती, जाड सुती चादरीचं कापड, हातमागाची खादी, यांच्यात कोरं कापड लांबीला शंभरात पाच ते दहा सहज जातं, पन्ह्याला दोन-तीन. आणि जाड कापड एकाच धुण्यात पूर्ण आखडून मोकळं होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात पण थोडं थोडं जात राहतं, म्हणून तुम्हाला वाटतं की दर वेळेस आखडूनच राहिलं आहे.

आता हे गोल स्टूलवर मांडून बघा. वरचा गोल १५ इंच, उंची १७ इंच, असं स्टूल धरू. घेर १५ गुणिले ३.१४ म्हणजे ४७ इंच. समजा कापड लांबीला सात टक्के आणि पन्ह्याला तीन टक्के आखडलं. वरचा गोल तुम्ही कंपास लावल्यासारखा गोल कापला होता, पण धुतल्यावर तो एका बाजूनं १४ इंच राहतो आणि दुसऱ्या बाजूनं साडेचौदा. म्हणजे गोल राहिलाच नाही, अंड्यासारखा लांबट झाला. म्हणून कव्हर चढवताना एकीकडची शिवण काठावर बसते आणि दुसरीकडची वर चढून राहते, कितीही फिरवा, बसत नाही. पुष्कळ जणी यालाच "शिवण तिरकी गेली" म्हणतात. शिवण सरळच असते हो, गोल लांबट झाला आहे.

बाजूच्या पट्ट्याचं काय होतं ते तुम्ही पट्टा कसा कापला त्याच्यावर आहे, आणि तुमच्या कव्हरला नेमकं काय झालं ते इथंच ओळखू येतं. कापड ५४ इंच पन्ह्याचं असेल तर ४७ इंचाचा पट्टा पन्ह्यातूनच आडवा निघतो. त्यात घेर बाण्याच्या बाजूनं जातो, दीड इंच कमी होतो, पण उंची ताण्याच्या बाजूनं असते म्हणून १७ चे पावणेसोळा होतात. असं कव्हर कसंबसं चढतं पण खालून सव्वा इंच लाकूड उघडं पडतं. कापड ४४ इंच पन्ह्याचं असेल तर पट्टा पन्ह्यात बसत नाही, म्हणून जोड टाळायला तो लांबीतून कापतात, आणि तिथं खरा घात होतो, कारण ४७ इंचाच्या घेरातले तीन इंच पार निघून जातात. असं कव्हर चढतच नाही, जबरदस्तीनं ओढलं की उभी शिवण फाटते.

म्हणजे खालून उघडं पडत असेल तर पट्टा आडवा कापलेला आहे, आणि चढतच नसेल तर लांबीतून कापलेला आहे. शिवलेल्या कव्हरवर खात्री करायची असेल तर आतून उलटं करून बघा, माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, असते तिथं कुठं कापडाचा काठ दिसला तर काठ ज्या दिशेनं तोच ताणा. काठ नसेल तर दोन्ही हातात धरून थोडं ओढा, आधी एका दिशेनं, मग दुसऱ्या. ज्या दिशेनं कमी ताणतं तो ताणा.

आता ज्यांचं कव्हर आधीच आखडलं आहे त्यांचं आधी बघू, नवीन शिवायचं नंतर.

अर्धा-पाऊण इंचच कमी पडत असेल तर फाडायची गरज नाही. कव्हर पाण्यातून काढून पिळा, झटका, आणि अर्धवट ओलं असतानाच दोघीजणींनी धरून चारी बाजूंनी ओढा, झटका देऊन नाही, हळूहळू. मग स्टूलच्या फोमवर एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, त्याच्यावर ओलसर कव्हर चढवा आणि सावलीत वाऱ्याला तसंच वाळू द्या. ओलं सूत ऐकतं, कोरडं ऐकत नाही. पिशवी विसरू नका, फोममध्ये ओल गेली तर ती आठ-आठ दिवस निघत नाही, वास सुटतो, आणि पावसाळ्यात तर बुरशीच धरते. वाळल्यावर कव्हर उतरवून पिशवी काढून टाका. पण हा उपाय त्या धुण्यापुरताच, पुढच्या धुण्याला परत तेच करावं लागन हे मनात ठेवा.

खालून एक-दीड इंच उघडं पडत असेल तर खाली झालर लावा. झालरीचं कापड आधी धुतलेलं पाहिजे, कोरं लावलं तर पुढच्या धुण्यात झालर आखडन आणि कव्हरला चुण्या पडतील. जुनं सुती लुगडं किंवा नरम पडलेली चादर यासाठी सगळ्यात चांगली, ती इतक्या वेळा धुतलेली असते की तिच्यात आखडायला काही उरलेलंच नसतं. लुगड्याचा काठ खाली आला तर दिसतं पण छान, पाव्हणे विचारतात कुठून घेतलं म्हणून.

घेर कमी पडत असेल, चढतच नसेल, तर लोक काय करतात, उभी शिवण उसवून मध्ये पट्टी घालतात. ते बरोबर आहे पण अर्धंच. पट्टा रुंद झाला तरी वरचा गोल लहानच राहिला नं, मग गोलाच्या शिवणीवर सगळा ताण येतो आणि तिथं फाटतं. म्हणून वरचा गोल पूर्ण काढून टाका, धुतलेल्या कापडाचा नवीन गोल कापा, सोळा इंच चौकोनी तुकडा पुरतो, आणि पट्ट्यात जितका घेर कमी आहे तितकी पट्टी अधिक दोन्हीकडं अर्धा-अर्धा इंच माया धरून घाला. तीन इंच कमी असेल तर चार इंचाची पट्टी. गोल आणि पट्टी एकाच दुसऱ्या रंगात घेतली तर मुद्दाम केल्यासारखी दिसते, ठिगळ वाटत नाही.

आता नवीन शिवायचं. हे मी जरा सविस्तर सांगते कारण इथं जीव लावून केलं तर पुढं कटकटच नाही.

कापड आणल्यावर आधी त्याचा स्वभाव बघायचा. एका कोपऱ्यात काठाला धरून ५० सेंटिमीटर उभं आणि ५० आडवं माप घेऊन चार ठिकाणी रंगीत धाग्याचे टाके घाला, पेनाची खूण धुण्यात जाते म्हणून धागाच. मग कापड धुवा, वाळवा, प्रेस करा आणि परत मोजा. ५० चे साडेसेहेचाळीस झाले तर सात टक्के गेलं. परत एकदा धुवा, परत मोजा. दुसऱ्या वेळेस माप हललं नाही तर कापड कापायला तयार, हललं तर आणखीन एक धुणं. एवढं केलं की अंदाजपंचे काही राहत नाही. दुकानदार "हे आखडत नाही ताई, गॅरंटी आहे" म्हणाला तरी हे करा. काठावर सॅन्फोराइज्ड छापलेलं असेल तर ती गोष्ट वेगळी, ते कापड गिरणीतच ओलावा आणि उष्णता देऊन रबरी पट्ट्यावर दाबून लांबीत आधीच आखडवलेलं असतं, ही पद्धत १९३० च्या सुमारास अमेरिकेत निघाली, आणि अशा कापडात पुढं एखाद टक्काच जातो. पण आठवडी बाजारात गठ्ठ्यातून मिळतं त्या जाड सुती कापडावर असं काही नसतं.

धुवायचं कसं, तर मांजरपाट किंवा पांढरं असेल तर मोठ्या गंजात पाणी उकळून बकेटीत ओतायचं, थोडा साबण चुरा, कापड सैल घडी करून बुडवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पाणी पिवळट-चिकट झालेलं दिसतं, ती खळ. रंगीत असेल तर कोमट पाणी, उकळतं नाही, आणि वेगळ्या बकेटीत, बाकी कपड्यांसोबत नाही. रंग जातो का ते बघायला पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमाल रंगला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळत राहा, नाहीतर पुढं पाव्हण्याच्या पांढऱ्या धोतराला रंग लागन आणि तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होईन. खळ गेल्यावर कापड हातात घेऊन बघा. काही कापडं एवढी पातळ आणि लुळी निघतात की कव्हरला चालणारच नाहीत, दुकानात जो जाडपणा वाटत होता तो खळीचाच होता. हे शिवायच्या आधीच कळलेलं बरं.

खादीबद्दल खूप जणी विचारतात. वर्धा-सेवाग्रामकडं खादी चांगली मिळते, वर्ध्याच्या मगन संग्रहालयाकडं नैसर्गिक रंगातली पण मिळते, आणि खादीचं कव्हर आपल्या उन्हाळ्यात बसायला खरंच सुखाचं, घाम टिपून घेते, रेक्झिनसारखी मांडीला चिकटत नाही. फक्त हातसूत सैल असतं म्हणून ती जास्त आखडते, तिला दोन धुणी तरी पाहिजेतच. नैसर्गिक रंगाच्या खादीला सोडा, लिंबू, ब्लीच काही लावू नका, रंग बदलून जातो.

कापड किती आणायचं? १५ इंच गोल आणि १७ इंच उंचीच्या स्टूलला सव्वा मीटर, आखडणं धरून. ५४ पन्हा असो की ४४, सव्वा मीटरच, फक्त कापायची तऱ्हा वेगळी. ५४ पन्ह्यात धुतल्यावर साधारण ५२ उरतात, त्यातून साडेअठ्ठेचाळीस इंचाचा पट्टा आडवा एकसंध निघतो. ४४ पन्ह्यात धुतल्यावर साडेबेचाळीसच्या आसपास उरतात, तिथं पट्टा लांबीतून काढायचा मोह आवरा. त्याऐवजी पावणेपंचवीस इंचाचे दोन तुकडे करा आणि दोन उभे जोड घ्या, एका तुकड्याच्या बाजूला जी जागा उरते तिच्यातच १६ इंचाचा गोल निघतो. जोड एक जास्त येतो पण दोन्ही तऱ्हेत उंचीला ताणा आणि घेराला बाणा राहतो, म्हणजे पुढं धुण्यात जे काही थोडंफार जाईल ते उंचीतून जाईल, घेरातून नाही. आणि उंचीतलं गेलेलं भरून काढायची सोय आपण खाली करून ठेवणारच आहोत.

उंची साडेवीस इंच कापा. सतरा स्टूलची, अर्धा इंच वरच्या शिवणीची माया, दोन इंच खालून आत वळायला आणि एक इंच नेफ्याला, म्हणजे नाडी ओवायच्या दुमडीला. घेर स्वतः टेप गुंडाळून मोजा, गणिताच्या भरवशावर राहू नका, फोम बाहेर फुगलेला असतो. त्याच्यात अर्धा इंच ढील आणि एक इंच माया. गोलासाठी साडेसात अधिक अर्धा म्हणजे आठ इंच दोरीला खडू बांधून फिरवा.

आता शिवण. गोलाची घडी घालून चार खुणा करा, पट्ट्याचे पण चार सारखे भाग करून खुणा करा, आणि खुणेला खूण लावून टाचण्या मारा. एका टोकापासून सुरू करून ओढत ओढत शिवत गेलं तर शेवटी पट्टा उरतो किंवा कमी पडतो आणि मग चुणी घालून लपवावी लागते. पट्ट्याच्या वरच्या काठाला आधी मायेच्या आत, काठापासून पाव इंचाच्या जरा पुढं एक टीप मारून घ्या, मग त्या टिपेपर्यंत, म्हणजे पाव इंचच खोल, इंचा-इंचावर कात्रीनं खाचा द्या, म्हणजे सरळ पट्टा गोलाभोवती फुलासारखा उघडतो. खाचा पट्ट्यालाच द्यायच्या, गोलाला नाही, आणि टिपेच्या पुढं कात्री गेली तर फाटायला तिथूनच सुरुवात होते. जाड कापडाला १६ नंबरची सुई, पॉलिस्टरचा धागा, आणि टाका जरा मोठा ठेवा, इंचात आठ ते दहा. बारीक टाक्यानं शिवण मजबूत होते असं आपल्याला वाटतं, पण जाड कापडाला बारीक टाका म्हणजे सुईनं जवळजवळ भोकं पाडून ठेवणं, ताण आला की तिथूनच फाटतं. गोलाच्या शिवणीला दोन टिपा मारा, दुसरी मायेच्या बाजूनं, आणि काठाला इंटरलॉक करा, नाहीतर धुता धुता धागे निघत निघत माया संपून जाते. उभ्या जोडावर चार पदर येतात, तिथं पायडल मारू नका, चाक हातानं फिरवून सुई पार करा.

पाईपिंग, म्हणजे गोलाच्या शिवणीत दोरी घातलेली गोट, हवी असेल तर आतली दोरी पण धुवून घ्या. हे बहुतेक जणी विसरतात. कापड धुतलेलं, दोरी कोरी सुती, मग पहिल्या धुण्यात दोरी आखडते आणि सगळी शिवण गोळा होते, कव्हर वरून मुरकलेलं दिसतं. दोरीवरची पट्टी उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली असावी, धुतलेल्याच कापडाची.

चेन. दुकानातल्या कव्हरला चेन असते म्हणून सगळ्यांना चेनच पाहिजे असते. माझं मत विचाराल तर आपल्या वापराला चेन नको. चेनची पट्टी पॉलिस्टरची, ती आखडत नाही, कापड आखडतं, म्हणून चेनीच्या दोन्ही बाजूंनी लाटा पडतात. कव्हर जरा घट्ट झालं की रनरवर ताण येतो, दात सुटतात. काळ्या मातीची धूळ दातात बसली की रनर अडकतो. आणि चेनीची लांबी एकदा ठरली की ठरली, घट्ट-सैल काही करता येत नाही.

त्याऐवजी खाली नेफा आणि नाडी. पट्ट्याचा खालचा काठ एक इंच दुमडून नेफा करा, त्यात सुती नाडी ओवा, नाडी धुतलेली. कव्हर वरून टोपीसारखं घाला, स्टूल उलटं करा, खालचा काठ स्टूलच्या तळाखाली घेऊन नाडी ओढा आणि फासाची गाठ मारा. आत वळवलेले ते दोन इंच म्हणजेच आपली सोय. उंचीत अर्धा इंच आखडलं तर आत दीड इंच वळतं, बाहेरून काहीच दिसत नाही. स्टूलच्या तळाला रबरी बुश असतील तर नेफा त्यांच्या आतून घ्या, जमिनीला टेकू देऊ नका, शेणानं सारवलेल्या जमिनीवर कव्हराचा काठ टेकला की दोन दिवसात खाली हिरवट-तपकिरी पट्टा पडतो आणि तो निघत नाही. नाडीऐवजी इलास्टिक घालायला सोपं वाटतं, पण गरम पाणी आणि ऊन यानं इलास्टिकमधलं रबर मरतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात तारेवर वाळलेलं इलास्टिक किती टिकणार. घालायचंच असेल तर नेफ्याला छोटं तोंड उघडं ठेवा म्हणजे बदलता येईल.

कधी कधी कव्हर आखडलेलं नसतं, फोम फुगलेला असतो. कव्हर काढलं की दबून असलेला फोम मोकळा होतो, थोडा वर येतो, आणि त्याचा खरखरीत पृष्ठभाग सुती कापडाला धरून ठेवतो, कव्हर सरकतच नाही. आधी हे तपासा. कव्हर सपाट ठेवून मोजा, स्टूलचा घेर मोजा, मापं जुळत असतील तर कव्हरचा काही दोष नाही. फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून त्याच्यावरून कव्हर सरकवा, सर्रकन खाली जातं, मग पिशवी हळूच खालून ओढून घ्या. कायमचं करायचं तर फोमवर जुन्या चादरीचं एक आतलं कव्हर हातशिलाईनं घट्ट शिवून टाका, ते काढायचंच नाही, बाहेरचंच धुवायचं. फोम पण त्यानं टिकतो, वरवर झिजून त्याची पिवळी भुकटी पडत नाही.

धुण्याबद्दल दोन गोष्टी. मातीचा डाग ओला असताना चोळू नका, आत बसतो. आधी पूर्ण वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग पाण्यात टाका. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि बाया घाबरून आणखीन घासतात. तो साबणाच्या क्षारानं लाल झालेला असतो, स्वच्छ पाण्यात खळबळलं की परत पिवळा होतो, आणि मग तेवढाच भाग उन्हाकडं करून वाळवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. बाकी कव्हर मात्र उलटं करून सावलीत, नाहीतर रंग विटतो.

बोअरचं पाणी खारं असेल, साबणाला फेस येत नसेल, तर कव्हर धुण्यागणिक कडक होत जातं. साबण आणि पाण्यातला चुना मिळून जो पांढरा थर बनतो तो सुतात बसतो. कापड आखडलेलं नसतं पण ताणत नाही, म्हणून चढवताना घट्टच वाटतं, आणि लोक परत शिवणाऱ्याकडं घेऊन येतात. अशा पाण्यात वडीच्या साबणापेक्षा पावडर बरी, आणि शेवटच्या पाण्यात एका लिंबाचा रस पिळून त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग साध्या पाण्यातून काढा, नैसर्गिक रंगाचं असेल तर लिंबू सोडून. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी बकेटीत धरून त्यात शेवटचं खळबळलं तर याच्यातलं काहीच लागत नाही, कापड नरम निघतं.

वाळत घालताना कव्हर एका टोकाला चिमटा लावून लटकवू नका, ओल्या कापडाचं वजन एकाच जागी येऊन तिथं ओघळतं. तारेवर मधोमध टाका, थोडं दमट असतानाच काढून गोलावरून आणि पट्ट्यावरून ताण्याच्या दिशेनं प्रेस फिरवा, आणि पूर्ण वाळल्यावरच चढवा. नाडी आधी सैल करून चढवायची, गोलाची शिवण चारी बाजूंनी काठावर बसली की मगच ओढायची.